विश्लेषण : क्रोशाचे यंत्र अजून का बनले नाही? हाताने विणलेल्या रुमालाचा खरा भाव कसा काढायचा?

समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे क्रोशाची सुई पुन्हा अनेकांच्या हाती आली आहे. रुखवतातील महिरप आणि बाळंतविड्यातील टोपडे यांच्याशी जोडला गेलेला हा छंद आता बाहुल्या, पिशव्या, फुलांचे गुच्छ आणि अंगावरच्या कपड्यांपर्यंत पोहोचला आहे. छंद म्हणून सुरुवात केलेल्या अनेक जणी आता घरबसल्या ऑर्डर घेतात. मात्र ‘एवढ्याशा रुमालाचे इतके पैसे?’ हा प्रश्न त्यांना हमखास ऐकावा लागतो. या प्रश्नाचे उत्तर क्रोशाच्या टाक्याच्या रचनेतच आहे. कपड्यांच्या बाजारात जवळपास सगळे काही यंत्राने होत असताना क्रोशा अजूनही हातानेच का विणावा लागतो, नमुना वाचताना कुठे फसायला होते आणि आपल्या कामाचा भाव कसा ठरवायचा, याचा हा आढावा.

क्रोशा आणि दोन सुयांचे विणकाम यांत फरक काय?

दोन्ही कामे दोऱ्याच्या किंवा लोकरीच्या फाशांची आहेत. पण दोन सुयांच्या विणकामात संपूर्ण ओळीतील सगळे फासे एकाच वेळी सुईवर असतात. शंभर टाक्यांचा स्वेटर असेल तर शंभर उघडे फासे. त्यातला एक जरी निसटला तरी खालपर्यंत ओळ उसवत जाते.

क्रोशात सुई एकच आणि तिच्या टोकाला आकडा. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच लहान आकडा असा आहे. या आकड्यावर बहुतेक वेळ एकच उघडा फासा असतो. टाका पूर्ण झाला की तो बंद होतो आणि सुई पुढे सरकते. म्हणून क्रोशाचे काम मध्येच सोडून उठता येते आणि चुकले तर तेवढेच उसवून पुन्हा विणता येते.

क्रोशाचा पाया म्हणजे साखळी. धान्याच्या पोत्याचे तोंड ज्या शिवणीने बंद केलेले असते, ती आठवावी. योग्य टोक ओढले की सरसर सुटत जाणारी ती शिवण साखळीच्याच जातीची आहे. या साखळीवर उभे टाके घातले की त्यांना आपल्याकडे खांब म्हणतात. सर्वात ठेंगणा तो मुका खांब, त्याहून उंच अर्धा खांब, मग पूर्ण खांब आणि दोऱ्याचे वेढे वाढवत नेले की आणखी उंच खांब. साखळी, खांब आणि जोडणारा सरकता टाका एवढ्या सामग्रीवर बहुतेक सगळे क्रोशाकाम उभे आहे. जाळी, पाकळ्या, शिंपले, अननसाची नक्षी ही सगळी त्यांचीच वेगवेगळी मांडणी.

मग यंत्राला हे काम का जमत नाही?

दोन सुयांच्या विणकामाचे यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्येच तयार केले होते. त्यात प्रत्येक फाशासाठी स्वतंत्र सुई असते. सुया एका रांगेत, फासे आपापल्या जागी, आणि दरवेळी हालचाल तीच. यंत्राला अशी एकसारखी, एकाच वेळी अनेक ठिकाणी होणारी हालचाल सोपी जाते.

क्रोशात असे काही ठरलेले नसते. पुढचा टाका घालण्यासाठी सुई आधी विणून झालेल्या भागात खुपसावी लागते. कधी टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून, कधी एकाच धाग्याखालून, कधी खांबाभोवतीच वळसा घालून, तर कधी दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेतून. काम हातात फिरते, उलटते, गोल होते. दोऱ्याचा ताण प्रत्येक टाक्यागणिक बोटे जुळवून घेतात आणि पुढचे भोक डोळे शोधतात. शिवाय टाके एकामागून एक घालावे लागतात. शंभर टाके एका झटक्यात घालण्याची सोय या रचनेतच नाही.

प्रयत्न झालेले नाहीत, असे नाही. जर्मनीत बिलेफेल्ड येथील संशोधकांनी मूलभूत टाके घालू शकणारे प्रायोगिक यंत्र तयार केले आहे. पण हाताने होणारे गुंतागुंतीचे काम स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर करून देणारे यंत्र अजून बाजारात नाही. येथे नावामुळे एक घोटाळा होतो. वस्त्रोद्योगात ‘क्रोशे मशीन’ नावाची यंत्रे असतात. त्यांवर इलॅस्टिक, झालर आणि लेसच्या पट्ट्या तयार होतात. पण त्यांची रचना उभ्या धाग्यांच्या यांत्रिक विणकामाची असते. हातातल्या क्रोशाचा टाका ती घालत नाहीत.

बाजारातील ‘क्रोशा’ कपडे मग कसे तयार होतात?

त्यांचे दोन प्रकार. पहिल्या प्रकारात कापड फक्त क्रोशासारखे दिसते. यंत्रावर विणलेली जाळी किंवा लेस लांबून क्रोशाच वाटते. दुसऱ्या प्रकारात काम खरोखर क्रोशाचे असते आणि याचा अर्थ एकच होतो : कोणीतरी ते हाताने, एकेक टाका घालून विणलेले आहे. मोठ्या दुकानात अगदी स्वस्त मिळणारा खरा क्रोशाचा टॉप यंत्रामुळे स्वस्त झालेला नसतो. विणणाऱ्या हातांना मिळालेले पैसे कमी असल्याशिवाय तो त्या किमतीत येणे अवघड असते.

ओळखायचे कसे? खऱ्या क्रोशात खांबाभोवती दोऱ्याचा वेढा दिसतो आणि प्रत्येक ओळीच्या माथ्यावर आडव्या साखळीसारखी वेणी उमटते. फुले किंवा चौकोन जोडून केलेले काम असेल तर मागच्या बाजूला दोऱ्याची टोके आत ओवून लपवलेली सापडतात. यंत्राच्या जाळीत सरळ उभ्या बारीक साखळ्या आणि त्यांच्यामधून नागमोडी जाणारे धागे दिसतात. तिच्या कडा अनेकदा कापून शिवलेल्या असतात.

क्रोशाचा पोटापाण्याशी संबंध कधी आला?

क्रोशाचे छापील नमुने युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागले. पेनेलोपे या डच नियतकालिकातील १८२३ च्या सुमाराचे नमुने सर्वात जुन्या नमुन्यांत गणले जातात. सुखवस्तू घरांतील स्त्रियांचा विरंगुळा, अशी त्याची तेव्हा ओळख होती. आयर्लंडमध्ये मात्र चित्र पालटले.

१८४५ पासून तेथे बटाट्याचे पीक रोगाने सलग बुडाले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. या काळात कॉर्क परिसरातील जोगिणींच्या मठांनी मुलींना आणि स्त्रियांना क्रोशाची लेस विणायला शिकवले. मोनॅहन परगण्यातील क्लोन्स येथे कसॅन्ड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने १८४७ मध्ये असेच काम सुरू केले. सुईने शिवून केलेली व्हेनिसची महागडी लेस तयार व्हायला फार वेळ लागे. तिच्याशी मिळतीजुळती नक्षी क्रोशाने कितीतरी लवकर होई.

त्यासाठी कामाची विभागणी झाली. कोणी फक्त गुलाब विणायचे, कोणी पाने, तर कोणी सगळे तुकडे जाळीने जोडायचे. साधने स्वस्त, काम घरी बसून करण्यासारखे आणि पैसा रोख. अनेक कुटुंबे त्यावर तगली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विरघळणाऱ्या कापडावर यंत्राने भरतकाम करून तशीच दिसणारी लेस तयार होऊ लागली. यंत्राला टाका साधला नाही, पण त्याची नक्कल साधली आणि हाताच्या कामाचा भाव त्या नकलेशी तोलला जाऊ लागला. आज घरबसल्या विक्री करणाऱ्यांसमोर हाच पेच आहे.

भारतातील नरसापूरचे उदाहरण काय सांगते?

आंध्र प्रदेशच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूर आणि आसपासची गावे क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांमार्फत ही कला तेथे पोहोचली. पुढे व्यापारी आणि निर्यातदार आले आणि गावातल्या उंबरठ्यावर विणलेली लेस परदेशी टेबलांवर जाऊ लागली.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मिस यांनी तेथे प्रत्यक्ष अभ्यास केला आणि १९८२ मध्ये ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला मुद्दा आजही महत्त्वाचा आहे. विणणाऱ्या स्त्रिया दिवसातील अनेक तास हे काम करत होत्या, त्यांचा माल जागतिक बाजारात विकला जात होता, तरी त्यांची नोंद कामगार अशी होत नव्हती. त्या ‘गृहिणी’ होत्या आणि त्यांचे काम ‘फावल्या वेळातले’ मानले जात होते. काम फावल्या वेळातले ठरले की त्या वेळेला मोल उरत नाही. मग दोऱ्याचे पैसे आणि वर थोडीशी रक्कम एवढ्यावर व्यवहार मिटतो.

नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यामुळे त्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळते आणि इतरत्र तयार झालेला माल त्या नावाने विकता येत नाही. विणणारीला तासाला किती मिळावेत, हे मात्र मानांकन ठरवत नाही.

महाराष्ट्रात क्रोशाची परंपरा कशी आहे?

येथे क्रोशा प्रामुख्याने घरासाठी आणि आहेरासाठी विणला गेला. दारावरचे तोरण, ताटाभोवतीची महिरप, टेबलावरचे रुमाल, पाण्याच्या भांड्यावरची मण्यांची झालर असलेली जाळी, बाळाचे टोपडे आणि पायमोजे, बाळकृष्णाचे कपडे अशी ही यादी लांबते. लग्नाच्या रुखवतात मांडलेली महिरप ही वधूच्या किंवा तिच्या आई-मावशीच्या हातची असायची आणि तिचे कौतुक व्हायचे. गोव्यातही क्रोशाची लेस तेथील हस्तकलांमध्ये गणली जाते.

या परंपरेत शिकणे तोंडी आणि हाताला हात लावून व्हायचे. ‘पाच साखळ्या, तीन खांब एकाच घरात’ अशा सूचना पुरत. नमुना म्हणून शेजारच्या घरातील रुमालच आणला जाई आणि तो पाहून टाके मोजले जात. आहेराच्या वस्तूला किंमत लावायची नसते, म्हणून तिच्या वेळेचा हिशेबही कोणी ठेवला नाही. आता तीच वस्तू विकायला ठेवली जाते तेव्हा ही न मोजण्याची सवय विणणारीलाच महाग पडते.

नमुना वाचताना सर्वाधिक गोंधळ कशाने होतो?

नावांनी. अमेरिकी आणि ब्रिटिश नमुन्यांत एकाच नावाचे टाके वेगळे असतात. अमेरिकी ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश ‘डबल क्रोशे’, अर्थात आपला मुका खांब. अमेरिकी ‘डबल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’, अर्थात आपला पूर्ण खांब. ब्रिटिश नमुन्यातील ‘डीसी’ अमेरिकी समजून विणली तर मुक्या खांबाच्या जागी पूर्ण खांब येतो आणि काम जवळपास दुप्पट उंच होते. घट्ट विणीची बाहुली विणायला घ्यावी आणि भोकाभोकांतून कापूस डोकावावा, अशी वेळ येते ती यामुळेच.

यावर सोपी खूण आहे. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ किंवा ‘एससी’ हा शब्द आला तर तो अमेरिकी पद्धतीचा, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच नाही. चित्रफिती पाहून शिकलेल्यांना बहुधा अमेरिकी नावे माहीत असतात, तर घरातल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत ब्रिटिश नावे असण्याची शक्यता अधिक.

नावांच्या भानगडीत पडायचे नसेल तर चिन्हांचे आराखडे वाचायला शिकावे. लंबगोल म्हणजे साखळी. अधिक किंवा गुणिले चिन्ह म्हणजे मुका खांब. इंग्रजी ‘टी’सारखी आकृती म्हणजे अर्धा खांब. त्याच आकृतीवर एक तिरकी रेघ म्हणजे पूर्ण खांब, दोन रेघा म्हणजे त्याहून उंच खांब. जपानी पुस्तके प्रामुख्याने असे आराखडे देतात, त्यामुळे भाषा येत नसली तरी नमुना विणता येतो.

सुई आणि दोरा कसा निवडावा?

रुमाल, महिरप, लेस यांसाठी सुती दोरा आणि पोलादी बारीक सुई लागते. तिचा आकार साधारण पाऊण ते दोन मिलिमीटर. सुती दोऱ्यावर १०, २०, ४० असे क्रमांक असतात आणि क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक. लोकरीच्या कामासाठी साधारण साडेतीन ते साडेपाच मिलिमीटरची सुई वापरतात. शिकणाऱ्याने फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्यावी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत आणि उसवतानाही त्रास होतो.

लहान बाळासाठी विणताना मऊ सुती धागा बरा. जपानी पद्धतीच्या बाहुल्या, ज्यांना ‘अमिगुरुमी’ म्हणतात, त्या तान्ह्या मुलांना द्यायच्या असतील तर प्लास्टिकचे डोळे किंवा मणी न लावता डोळे दोऱ्याने भरावेत. ओढून निघालेला मणी थेट तोंडात जातो.

कपडा विणायचा असेल तर आधी दहा बाय दहा सेंटिमीटरहून थोडा मोठा तुकडा विणून, धुऊन, त्यातील टाके मोजावेत. हे टाळण्याकडे कल असतो, पण आकडे पाहावेत. नमुन्यात दहा सेंटिमीटरला १६ टाके अपेक्षित आहेत आणि पुढच्या भागाला ८० टाके, तर तो भाग ५० सेंटिमीटर रुंद होईल. हात घट्ट असेल आणि दहा सेंटिमीटरला १८ टाके बसत असतील तर तेच ८० टाके ४४ सेंटिमीटरच्या आसपास भरतील. पुढचा आणि मागचा भाग मिळून घेरात ११ सेंटिमीटरची तूट पडते. म्हणजे अनेक दिवसांचे काम अंगात न बसणारे. अशा वेळी टाक्यांचा आकडा न बदलता एक नंबर मोठी सुई घेऊन पुन्हा तुकडा विणून पाहावा.

गोल रुमाल वाटीसारखा का होतो, किंवा कडेला लाटा का येतात?

हा हाताचा दोष कमी आणि गणिताचा अधिक. वर्तुळाची त्रिज्या एका मापाने वाढली की परीघ सुमारे सव्वासहा मापांनी वाढतो. मुका खांब जवळपास जितका उंच तितकाच रुंद असतो. म्हणून प्रत्येक फेरीत साधारण सहा टाके वाढवले की काम सपाट राहते. पहिली फेरी ६, मग १२, १८, २४ अशी. पूर्ण खांब त्याच्या जवळपास दुप्पट उंच, म्हणून दर फेरीत बारा टाके वाढवायचे : १२, २४, ३६, ४८.

वाढ कमी पडली की कडा आत ओढली जाते आणि वाटी होते. टोपी विणताना नेमके हेच केले जाते. वाढ जास्त झाली की टाक्यांना मावायला जागा उरत नाही आणि झालरीसारख्या लाटा उठतात.

या लाटांनीच गणितज्ञांची एक अडचण सोडवली. लाटविया येथे जन्मलेल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अतिपरवलयी पृष्ठभागाचे प्रारूप क्रोशाने विणले. ज्या पृष्ठभागावर एका रेषेबाहेरील बिंदूतून तिला समांतर अशा अनेक रेषा काढता येतात, तो हा पृष्ठभाग. कागदी प्रारूपे फाटत, हाताळता येत नसत. टायमिना यांनी ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवण्याचा नियम शेवटपर्यंत पाळला आणि हवा तो आकार हाती आला. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी याच पद्धतीवरून २००५ मध्ये क्रोशाच्या प्रवाळ बेटांचा प्रकल्प सुरू केला. पुढे जगभरच्या हजारो हौशी विणकरांनी त्यात आपले काम जोडले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नमुन्यांपासून सावध का राहावे?

क्रोशाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही आकर्षक बाहुल्यांची चित्रे ही छायाचित्रे नसतात, तर संगणकाने तयार केलेली असतात. त्यातील वस्तू कोणी कधी विणलेलीच नसते. चित्रासोबत मिळणारा नमुनाही तसाच असला तर पैसे आणि लोकर दोन्ही वाया जातात. २०२३ मध्ये काही हौशी विणकरांनी चॅटजीपीटीकडून नमुने लिहून घेतले आणि ते जसेच्या तसे विणले. वाक्ये अगदी खऱ्या नमुन्यासारखी होती, बाहुल्या मात्र वेड्यावाकड्या निघाल्या. शब्दांची रचना जुळवता आली, तरी टाक्यांची बेरीज आणि त्यातून घडणारा आकार जुळेलच असे नाही.

विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. वस्तूची मागून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे आहेत का? चित्रातील टाके ओळखता येतात का, की नुसतीच वेणीसारखी गिचमिड आहे? सुईचा आकार, धाग्याची जाडी आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी टाक्यांची संख्या दिली आहे का? आणि दुसऱ्या कोणी तो नमुना विणून दाखवला आहे का? टाक्यांची संख्या दिली असेल तर दोन-तीन फेऱ्यांची बेरीज स्वतः करून पाहावी. १८ टाक्यांच्या फेरीत सहा ठिकाणी वाढ सांगितली असेल आणि पुढे २४ ऐवजी ३० लिहिले असेल, तर तो नमुना तिथेच सोडावा.

मग आपल्या कामाचा भाव कसा लावायचा?

सुरुवात टाक्यांपासून करता येते. पूर्ण खांबाच्या १५ फेऱ्यांचा साधा गोल रुमाल घेऊ, दर फेरीत बारा टाक्यांची वाढ. सगळ्या फेऱ्यांची बेरीज १४४० खांब. एका खांबात दोरा तीनदा ओढून घ्यावा लागतो, म्हणजे सुईच्या ४३२० हालचाली. सराईत हात मिनिटाला १२ खांब घालतो असे धरले तर विणायलाच दोन तास. टोके ओवणे, धुणे, खळ देणे, टाचण्या लावून ताणून वाळवणे यासाठी आणखी एक तास धरू. हा रुमाल १५० रुपयांना विकला आणि दोरा ३० रुपयांचा लागला असे समजले, तर हाती राहिले १२० रुपये. तासाला ४०.

आता ग्राहक म्हणतो, ‘याच्या दुप्पट मोठा हवा, दुप्पट पैसे देतो.’ येथे अनेक जणी फसतात. फेऱ्या १५ वरून ३० केल्या की व्यास दुप्पट होतो, पण टाके १४४० वरून ५५८० होतात. म्हणजे जवळपास चौपट. विणायचा वेळ दोन तासांवरून पावणेआठ तासांवर जातो, शेवटच्या सोपस्कारांसह पावणेनऊ. दोराही चौपट, म्हणजे सुमारे १२० रुपयांचा. तीनशे रुपयांतून तो वजा केला की १८० उरतात. तासाला जेमतेम वीस. मोठी ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात मजुरी निम्मी झालेली असते.

म्हणून गोल वस्तूचा भाव व्यासावर न लावता टाक्यांवर किंवा लागलेल्या वेळेवर लावावा. कोणतीही नवी वस्तू पहिल्यांदा विणताना घड्याळ लावून वेळ लिहून ठेवावा. दोरा वजन करून घ्यावा, म्हणजे सामानाचा खर्च अंदाजाने धरावा लागत नाही. त्यावर आपल्या तासाचा दर, बांधणी, कुरिअर आणि समाजमाध्यमांवर ग्राहकांशी बोलण्यात जाणारा वेळ धरावा. तासाचा दर ठरवताना आपल्या भागात शिवणकामाला किंवा घरकामाला तासाला काय मिळते, ते पाहावे. कौशल्याचे काम त्याहून कमी दराने देण्याचे कारण नाही.

तरीही ग्राहकाला किंमत जास्त वाटली तर?

तेव्हा किंमत पाडण्याआधी वस्तू बदलता येते. भरगच्च विणीऐवजी जाळीची वीण घेतली तर त्याच आकारात टाके कमी लागतात. पूर्ण क्रोशाच्या रुमालाऐवजी सुती कापडाच्या रुमालाला क्रोशाची किनार लावली तर वेळ बराच वाचतो आणि देखणेपणही राहते. पूर्ण महिरपीऐवजी चार कोपऱ्यांसाठी चार फुले देता येतात. कमी पैशांत कमी टाके, हा सरळ व्यवहार ग्राहकालाही समजतो.

ज्यांना विकायचे नाही, त्यांच्यासाठीही हा हिशेब उपयोगाचा आहे. नातवंडासाठी विणलेल्या टोपड्याची किंमत कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. पण जी टोपडे विणते तिने किती वेळ दिला, हे घरातल्यांना माहीत असावे. दुकानातील स्वस्त क्रोशा हाती घेताना तोच हिशेब तिथेही लावून पाहता येतो. टाका खरा असेल, तर त्यामागे कोणाचे तरी तेवढेच तास आहेत. यंत्राने ते वाचवलेले नाहीत. किंमत कमी असेल, तर ते तास कोणाच्या तरी ‘फावल्या वेळा’च्या खात्यावर मांडले गेले आहेत.